हरवलेल्या चावीच्या जागी बाहेरून बनवलेली चावी: आठ महिन्यांनंतर

गाडीच्या दोनपैकी एक चावी हरवली तेव्हा पहिले तीन दिवस नुसती शोधाशोध केली. चौथ्या दिवशी सर्व्हिस सेंटरमधून अंदाजपत्रक आणलं आणि आकडा वाचून धक्काच बसला. मग त्यातली एकेक ओळ विचारून घेतली. पातं कापण्याचा खर्च सगळ्यात कमी होता. मोठा वाटा रिमोटसकट येणाऱ्या नव्या चावीचा, आणि त्याखालोखाल ती चावी गाडीला ओळखीची करून देण्याचा, म्हणजे प्रोग्रॅमिंगचा.

चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात दोन वेगळ्या वस्तू असतात, हे मला तेव्हाच नीट कळलं. एक रिमोटचा सर्किट बोर्ड. दारं उघडणं-लावणं एवढंच त्याचं काम, आणि त्याला सेल लागतो. दुसरी ट्रान्सपाँडर चिप. तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं एक वेटोळं असतं, त्यातून चिपला ऊर्जा मिळते आणि ती उत्तर देते. इमोबिलायझरला, म्हणजे अनोळखी चावीने इंजिन चालू देत नाही त्या यंत्रणेला, ते उत्तर पटलं तरच इंजिन चालू राहतं. युरोपीय संघात १९९८ पासून नव्या प्रवासी गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा झाला. म्हणजे पात्यापेक्षा या ओळखीचेच पैसे जास्त. पातं हुबेहूब कापलं आणि चिप नसली, तर अशी गाडी चालू होत नाही.

मी शेवटी बाहेरच्या चावीवाल्याकडून काम करून घेतलं. खर्च अंदाजपत्रकाच्या निम्म्याहून कमी आला. फोनवर त्याचा पहिला प्रश्न होता, “दुसरी चावी चालू आहे ना? ती सोबत हवीच.” चालू चावी हातात असली तर काम बरंच सोपं होतं. दोन्ही हरवल्या, तर अनेक गाड्यांना इमोबिलायझरचा पिन, म्हणजे गुप्त क्रमांक मिळवावा लागतो, पातं चावीच्या कोडवरून कापावं लागतं, आणि काही गाड्यांत इमोबिलायझरचा भागच बदलायची वेळ येते. खर्चात खरा फरक पडतो तो इथे, आणि एकच चावी उरलेली असताना वर्षानुवर्षं तशीच गाडी चालवणाऱ्यांची मला आता खरोखर काळजी वाटते.

त्याने डॅशबोर्डखालच्या ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीच्या संगणकाशी जोडायच्या सॉकेटला, यंत्र जोडलं, गाडीच्या आठवणीतल्या जुन्या चाव्या पुसल्या आणि माझी जुनी व नवी अशा दोनच नोंदवल्या. हा आग्रह मी धरला होता, कारण हरवलेली चावी कोणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. आता तिने इंजिन चालू होणार नाही. पण तिचं पातं अजूनही दाराचं कुलूप उघडू शकतं. ते थांबवायचं तर कुलपंच बदलावी लागतात. मी बदलली नाहीत, गाडीत मौल्यवान काही ठेवणं मात्र बंद केलं. चावीचा नुसता ‘क्लोन’ करतात तेव्हा नक्कल आणि मूळ चावी गाडीला एकच वाटतात, मग त्यातली एक हरवली तर तेवढीच पुसता येत नाही. क्लोन करणार की वेगळी नोंदवणार, हे आधीच विचारा.

पहिले दोन महिने तक्रारीला जागा नव्हती. तिसऱ्या महिन्यात नवी चावी डिकीच्या कुलपात अडकू लागली. कारण साधं होतं. पातं माझ्या जुन्या चावीवर ठेवून कापलेलं, आणि ती वर्षानुवर्षांच्या वापराने झिजलेली. झीजसुद्धा नकलेत उतरली होती. गाडी घेतली तेव्हा चाव्यांसोबत धातूची एक छोटी पट्टी आली होती, तिच्यावर चावीचा कोड असतो. कागदांच्या पाकिटात ती सापडली, त्या कोडवरून पातं पुन्हा कापून घेतलं आणि त्यानंतर चावी एकदाही अडकलेली नाही.

रिमोटचा पल्ला मूळ चावीपेक्षा कमी आहे. मूळ चावीने पार्किंगच्या दुसऱ्या टोकावरून दार उघडायचं, हिने साधारण निम्म्या अंतरावर यावं लागतं. पाचव्या महिन्यात तोही घटला, तेव्हा सेल बदलला. सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाडीचा, ३ व्होल्टचा. जाडी वेगळी असलेला तसाच दिसणारा सेल नीट बसत नाही.

सर्वांत मोठी चूक सहाव्या महिन्यात झाली, तीही जुन्या चावीच्या बाबतीत. तिची रबरी बटणं फाटली होती, म्हणून नुसतं कव्हर मागवलं. कव्हर बदलणं हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त उपाय, आणि बटणंच खराब झाली असतील तर नवी चावी घ्यायची गरजच नाही. बोर्ड काढून नव्या कव्हरात बसवला, दारं झटकन उघडली, मी खूश. गाडी मात्र चालू होऊन दोन सेकंदांत बंद पडली आणि डॅशबोर्डवर चावीचा दिवा लुकलुकायला लागला. चिप जुन्या कव्हराच्या एका कोपऱ्यातल्या खाचेत होती, आणि ते कव्हर मी कचऱ्याच्या डब्यात टाकलं होतं. डबा अजून भरलेला होता म्हणून चिप वाचली. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, काळी, प्लॅस्टिकचा तुकडाच वाटावा अशी. काही चाव्यांत ती बोर्डवरच असते, तरी जुनं कव्हर गाडी चालू झाल्याशिवाय फेकू नका.

पूर्ण रिमोट ऑनलाइन घेणार असाल तर फ्रीक्वेन्सी बघून घ्या. दिसायला एकसारखे रिमोट कुठे ३१५, तर कुठे ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालतात, आणि एकाच्या जागी दुसरा चालत नाही. विम्यात चावीसाठी वेगळं संरक्षण घेतलंय का, तेही पैसे भरण्याआधी तपासा. माझ्या पॉलिसीत ते नव्हतं.

एक गोष्ट अजून खटकते. यंत्र जोडलेलं असतानाच तिसरी चावी नोंदवून घेतली असती, तर प्रोग्रॅमिंगचे पैसे पुन्हा पडले नसते. आता ती पुढच्या महिन्यात करून घेतोय. या वेळी पातं पहिल्यापासूनच कोडवरून कापून घेणार आहे, पट्टी पाकिटातून काढून ठेवली आहे.