चिपाड की चिंधी?

सुट्टीत पोरांना अर्धा तास गुंतवायचं, तर सोलापुरात दोन गोष्टी जवळपास फुकट मिळतात: कडब्याची चिपाडं आणि टॉवेलच्या चिंध्या.

माझं मत चिपाडाला. मालदांडी जोंधळ्याचं वाळलेलं ताट घ्या, पेरं कापा, साल उभी सोला. आतलं भेंड पांढरं, हलकं, नखानंसुद्धा दबणारं. त्याच सालीच्या काड्या भेंडात खुपसल्या की दहा मिनिटांत चष्मा, जरा जास्त वेळ दिला तर बैलगाडी. ना डिंक, ना सुई. फक्त साल ब्लेडसारखी कापते, म्हणून सोलायचं काम मोठ्यांनी करावं. माझ्या अंगठ्यावर अजून खूण आहे. जोंधळा फेब्रुवारी-मार्चात निघतो, त्यामुळं उन्हाळ्यात माल कसा कडकडीत वाळलेला असतो.

चिंध्यांचा पसारा फार. टेरी टॉवेल कापला की धागे सुटून घरभर होतात. पण तीन पट्ट्यांची घट्ट वेणी घालून ती गोल वळवली, चार टाके मारले, की गरम पातेल्याखाली ठेवायला चुंबळ तयार. मळली तर धुता येते, वर्षभर टिकते.

चिपाडाची गाडी? दोन दिवसांत चाक निखळतं, नाहीतर शेळी खाते.