दर रविवारी एक भाग: वर्गणीवर कादंबरी चालवल्याचे अकरा महिने

गेल्या जुलैपासून मी माझी कादंबरी क्रमशः, वर्गणी घेऊन, ईमेलवर देते आहे. २०१९ च्या महापुरात सांगलीत अडकलेल्या एका कुटुंबाची ही गोष्ट. रविवारी सकाळी सातला एक भाग, महिन्याला ९९ रुपये. आतापर्यंत ४२ भाग गेले. ज्या सेवेवरून हे चालवते तिचं नाव देत नाही, कारण माझ्या बहुतेक अडचणी दुसरीकडे गेले असते तरी आल्याच असत्या.

आधी जे चांगलं ते सांगते. भाग लिहून वेळ लावून ठेवायचा, तो त्या वेळेला जातो. देवनागरी नीट दिसते, जोडाक्षरं फुटत नाहीत. वर्गणीदारांची यादी मला हवी तेव्हा उतरवून घेता येते, आणि माझ्या लेखी हे सगळ्यात मोठं. ॲमेझॉनने अमेरिकेत २०२१ मध्ये अशाच क्रमशः गोष्टींसाठी काढलेली किंडल वेला फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. यादी आपल्या हातात नसेल तर अशा वेळी वाचक पुन्हा शोधायचे कुठे?

पैशांचं म्हणाल तर ९९ मधले दहा टक्के सेवेचे, सुमारे दोन टक्के पेमेंट गेटवेचे, या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. माझ्या हाती ८५ रुपये येतात. पाचव्या महिन्यात २१२ वर्गणीदार होते, आज १३८ आहेत.

ते का कमी झाले, हे कळायला मला बरेच दिवस लागले. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दर महिन्याला आपोआप पैसे कापायचे असतील तर किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जावी लागते. नियम योग्यच आहे, माझ्या खात्यातून जाणाऱ्या पैशांबाबत मलाही तो हवा आहे. पण माझ्या वाचकाला दर महिन्याला मेसेज येतो की उद्या ९९ रुपये जाणार, आणि त्या क्षणी त्याला आठवतो तो शेवटचा वाचलेला भाग. तो भाग थरारक असेल तर पैसे जाऊ देतो. शांत असेल तर ऑटोपे बंद. प्रत्येकाची तारीख वेगळी, म्हणजे माझा प्रत्येक भाग कुणाच्या ना कुणाच्या वसुलीच्या आदल्या दिवशीचा.

हे ध्यानात आल्यावर मी चूक केली. पुढच्या भागापासून प्रत्येक शेवट ताणून धरायला लागले. कुणीतरी पाण्यात उतरलंय, दोर सुटलाय, दार उघडत नाहीये. गळती थांबली. मग मिरजेच्या एका ताईंचा फोन आला. पहिल्या भागापासूनच्या वाचक, वयाने माझ्या आईएवढ्या. म्हणाल्या, "अगं, दर रविवारी कुणीतरी बुडायलाच आलेलं असतं. त्यांना जरा बसू दे की. चहा पिऊ दे."

फोन ठेवल्यावर मी मागचे चार भाग सलग वाचले आणि मला लाज वाटली. पुढचा भाग लिहिला तो गच्चीवर भिजलेली डाळ पसरत बसलेल्या सासू-सुनेचा. त्यात दुसरं काही घडत नाही. त्या आठवड्यात नऊ वर्गणीदार गेले. आजही सर्वांत जास्त पत्रं त्याच भागावर येतात.

वर्गणी महिन्याने चालते, गोष्ट तिच्या गतीने चालते. जानेवारीत आईचं खुब्याचं हाड मोडलं आणि पाच आठवडे मी एक ओळ लिहू शकले नाही. सगळ्यांची वसुली एकदम थांबवायची सोय या सेवेत आहे, पण ती सेटिंगमध्ये इतकी आत आहे की मला सापडेपर्यंत ६३ जणांचे पैसे कापले गेले होते. सगळ्यांना पूर्ण ९९ परत केले. प्रत्येकामागे आधी कापलेले १४ रुपये मात्र मला परत मिळाले नाहीत. म्हणजे ८८२ रुपये गेले. त्याहून जड गेलं ते आईच्या खाटेशी बसून मनात चाललेलं, की मी लोकांचे पैसे घेऊन बसले आहे.

त्या दिवसांत हरिभाऊ आपट्यांचं 'करमणूक' फार आठवायचं. १८९० मध्ये त्यांनी ते साप्ताहिक काढलं आणि आपल्या कादंबऱ्या त्यातून क्रमशः दिल्या. पण तिथे वर्गणी होती अंकाची. कादंबरीच्या शेजारी इतर मजकूर असायचा, एका गोष्टीवर अंकाचा सगळा भार नसायचा. आता मी आहे आणि माझी एकच गोष्ट आहे. ती आजारी पडली की अंकच नाही. मराठीत कुणी चार-पाच जणांनी मिळून एका वर्गणीत चार-पाच कादंबऱ्या चालवल्या तर मी पहिली सामील होईन.

दिवाळी अंकांची सवयही आड येते. वर्षातून एकदा जाडजूड अंक घ्यायचा आणि पूर्ण गोष्ट एका बैठकीत वाचायची, यावर आपण वाढलो. "संपली की सांगा, एकदम वाचतो," हे मी किमान तीसदा ऐकलं. पण असं सगळेच थांबले तर ती संपणार कशी?

भाग व्हॉट्सॲपवर पुढे जातात. त्यावर मी उपाय शोधणं सोडलं. परदेशातल्या वाचकांचं मनाला जास्त लागतं. न्यू जर्सीच्या एका बाईंचं तिकडचं कार्ड चालेना, शेवटी पुण्यातला भाऊ तिच्यासाठी वर्गणी भरतो.

आणि एक गोष्ट छापील पुस्तकात कधी मिळाली नसती. अकराव्या भागात मी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची धोक्याची पातळी ४० फूट लिहिली. साडेआठला पहिलं उत्तर आलं: ४० ही इशारा पातळी, धोका ४५ ला. सांगलीकर हे विसरत नाही. वेबवर लगेच दुरुस्त केलं, पण ईमेल गेलेला परत घेता येत नाही. तेव्हापासून त्याच गृहस्थांना प्रत्येक भाग शुक्रवारी वाचायला पाठवते. त्यांची वर्गणी मी बंद करायला सांगितली, त्यांनी ऐकलं नाही.

साधारण दहा भाग उरलेत. ते सगळे लिहून होईपर्यंत नवीन वर्गणीदार घेणं बंद ठेवलं आहे. पुढची कादंबरी आधी पूर्ण लिहीन, मग क्रमशः देईन, आणि महिन्याची वर्गणी न ठेवता पूर्ण गोष्टीचे एकदाच ३०० रुपये घेईन. मिरजेच्या ताईंना विचारलं, चालेल का. त्या म्हणाल्या, आधी ही संपव.