पंक्चर किटचा निकाल: पंप पहिल्या वर्गात, बाटली नापास

घेतलं होतं पंक्चर काढण्यासाठी, पण आमच्याकडे या किटमधून नेमाने बाहेर निघतो तो हवेचा पंप. बाकीचं सामान गरज पडली तरच. म्हणून आधी पंपाबद्दल लिहिते, पंक्चरकडे नंतर वळते.

डब्यात काय काय आहे: गाडीतल्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा पंप, इंग्रजी टी अक्षरासारखी मूठ असलेला टोच्या, तशाच मुठीची नेढ्याची सुई, तपकिरी चिकट पट्ट्यांचं पाकीट, सोल्यूशनची ट्यूब, पक्कड, पातं, व्हॉल्व्हच्या जादा पिना, टोप्या आणि सीलंटची, म्हणजे भोक बुजवणाऱ्या द्रवाची, एक ढब्बू बाटली. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. हाच साचा आणि हेच सामान वेगवेगळ्या नावांनी विकलं जातं, त्यामुळे नाव सांगून तुमचा फायदा नाही. काय तपासून घ्यायचं ते सांगितलं तर फायदा आहे.

माझ्याबद्दल दोन गोष्टी, कारण त्यांचा या निकालाशी संबंध आहे. मी भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे आकड्यांवर संशय घ्यायची सवय आहे. आणि माझं उजवं मनगट जुनं दुखणं बाळगून आहे. जोर लागणारं अवजार मी आधी हातात धरून बघते, मग पुढचं.

पंपाचा आवाज मोठा आहे. मुलगा म्हणतो, ‘आई, तू हवा भरतेस की रस्ता फोडतेस?’ पण काम चोख करतो. पाहिजे तो दाबाचा आकडा लावून ठेवला की तिथे आपोआप थांबतो, आणि वायर मागच्या चाकापर्यंत पोहोचते. हे दुसरं क्षुल्लक वाटेल, पण वायर तोकडी असली की दार उघडं ठेवून, नळी ताणून, पंप हातात तोलून धरावा लागतो. वेगाच्या जाहिरातींवर मात्र फार जाऊ नका. त्या सॉकेटचा फ्यूज साधारण १० ते १५ अँपिअरचा असतो. म्हणजे तिथून मिळणार १२०, फार तर १८० वॉट. एवढ्यात पूर्ण बसलेला टायर चुटकीसरशी फुगत नाही. ज्यांना खरंच जोरदार पंप हवा त्यांच्यासाठी थेट बॅटरीला चिमटे लावायचे पंप मिळतात. माझ्या कामाला हा पुरतो, फक्त सलग दहा मिनिटांच्या वर चालवत नाही. तापतो. नळीच्या टोकाचं पितळ तर इतकं तापतं की काढताना हाताला फडकं लागतं.

आता दोष. नळी व्हॉल्व्हवर आट्याने फिरवून बसवायची आहे. काढताना ती उलट फिरवेपर्यंत फुस्स करून थोडी हवा जातेच, आणि ३३ पीएसआय (दाबाचं नेहमीचं एकक) ठेवलेला दाब ३२ होतो. खटका दाबून बसणारं टोक यापेक्षा बरं. दुसरं, पंपाचा आकडा. चालू असताना तो नळीतला दाब दाखवतो, आणि तो टायरमधल्या दाबापेक्षा जास्त असतो. बंद केल्यावर जो आकडा स्थिरावतो तो खरा. तोही माझ्या वेगळ्या प्रेशर गेजपेक्षा थोडा जास्तच येतो. हा फरक दर वेळी सारखाच असतो, म्हणून मला चालतो. कधी जास्त, कधी कमी असा असता तर पंप परत केला असता. आणि ते एककाचं बटण! मुलाच्या हातून नकळत दाबलं गेलं, नि तो धावत आला, ‘आई, टायरमध्ये फक्त २.३ हवा आहे!’ ते बार होते. ३३ पीएसआय म्हणजे जवळजवळ २.३ बार, किंवा २२८ किलोपास्कल. बटण चुकून दाबलं जाणार नाही अशा जागी द्यायला हवं होतं.

भरायची किती, हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं, काही गाड्यांत इंधनाच्या झाकणाच्या आत. टायरच्या बाजूला कोरलेला मोठा आकडा तो नव्हे. तो त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो. आणि मोजायचं टायर गार असताना, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना. घरात पंप असल्याचा खरा फायदा इथे कळतो. हवा भरायला गाडी चालवत कुठे गेलात की वाटेत टायर तापतो, दाब चढतो, आणि तुम्ही चढलेला दाब बघून समाधानाने परत येता. तापमानात ५-६ अंश सेल्सियसचा फरक पडला की दाबात साधारण १ पीएसआयचा पडतो. वर्गात वायूंचे नियम शिकवताना मी हल्ली हेच उदाहरण देते, फुगा सोडून दिला.

‘हवा कमी झाली की गाडीत दिवा लागतो ना, मग कशाला मोजायचं?’ हा प्रश्न मला नेहमी येतो. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे दाब ठरलेल्या आकड्याच्या २५ टक्के खाली गेला की दिवा लागावा लागतो. ३३ चा हिशेब केला तर जवळजवळ २५. आता ढोबळ गणित करा. १२०० किलोची गाडी, चाकाला ३०० किलो. ३३ पीएसआय म्हणजे चौरस सेंटिमीटरला २.३ किलो. भागाकार केला की जमिनीला टेकलेला टायर १३० चौरस सेंटिमीटर निघतो. एक तळहात. २५ वर हाच आकडा १७० च्या पुढे जातो. ही जास्तीची जागा टायरच्या भिंती वाकून मिळते, आणि चाकाच्या दर फेरीला त्या भिंती तशाच वाकतात, सरळ होतात, पुन्हा वाकतात. रबर आतून तापतं ते यामुळे. भरधाव वेगात टायर फुटण्यामागे हे एक मोठं कारण असतं. त्यातून काही गाड्यांमध्ये टायरच्या आत सेन्सर नसतोच. चाकांच्या फिरण्याच्या वेगातला फरक बघून गाडी अंदाज बांधते. चारही टायरमधली हवा सारखीच उतरली तर असा अंदाज फसू शकतो. दिवा लागला की धोका झाला हे खरं. लागला नाही म्हणजे सगळं आलबेल, हे खरं नाही.

पंक्चरही मला दिव्याने कळवलं नाही, पंपाने कळवलं. मागचा डावा टायर बाकीच्या तिघांपेक्षा सारखा खाली येत होता. साबणाचं पाणी शिंपडलं, तर खाचेत रुतलेल्या एका स्क्रूभोवती बुडबुडे. ट्यूबलेसमध्ये हे असंच होतं. खिळा किंवा स्क्रू स्वतःच बुचासारखा बसतो आणि हवा दमादमाने जाते. म्हणून भर रस्त्यात तो उपटायचा नाही. दाब टिकत असेल तर हवा भरून सुरक्षित जागी जायचं, तिथे काढायचा. मागच्या चाकाला एक अडचण असते. पुढचं चाक स्टिअरिंग वळवलं की तोंड बाहेर काढतं, मागचं नाही. गाडी थोडी पुढे सरकवून स्क्रू हाताला येईल अशा जागी आणला, हँडब्रेक ओढला, दुसऱ्या चाकाला ओंडका लावला. चाक उतरवायची गरज पडली नाही.

पक्कड बरी आहे. टोच्या मात्र खरोखर चांगला. मूठ धातूची आणि आडवी असल्यामुळे दोन्ही हातांचं वजन टाकता येतं, मनगटाला पीळ बसत नाही. प्लास्टिकच्या मुठीचे घेऊ नका. रेडियल टायरच्या पोटात पोलादी तारांचे पट्टे असतात आणि जोर खरा लागतो तो तिथे. स्क्रू ज्या कोनात शिरला होता त्याच कोनात टोच्या घालायचा, कानशीसारखा वरखाली फिरवायचा. तारांची टोकं घासली गेली नाहीत तर तीच पुढे पट्टी कुरतडतात. बहुतेक जण इथे कंटाळतात, आणि मग पट्टीला दोष देतात.

सुईवर माझी तक्रार आहे. नेढं इतकं अरुंद आहे की पट्टी ओवताना तिचा चिकटपणा बोटांनाच जास्त लागतो. ओवली, सोल्यूशन लावलं, दोन्ही शेपट्या बोटाच्या पेराएवढ्या बाहेर राहतील इतपत आत ढकलली, आणि झटक्यात सुई बाहेर. झटका महत्त्वाचा, हळू ओढली तर पट्टीही मागोमाग येते. शेपट्या पात्याने कापल्या. ते पातं अगदीच बोथट, घरचा कटर वापरला. पुन्हा साबणाचं पाणी, बुडबुडे नाहीत. पट्टीची प्रत चांगली, एवढं मी खात्रीने म्हणेन. टायरने त्यानंतर दाब सोडला नाही.

तरीही मी टायर उतरवून आतून बघून घेतला. काहींना हे फाजील वाटेल. अमेरिकेतल्या टायर उत्पादकांच्या संघटनेच्या सूचनांनुसार नुसती पट्टी ही पुरी दुरुस्ती नव्हे. टायर रिमवरून उतरवायचा, आतून तपासायचा, भोक भरायचं आणि आतल्या अंगाने पॅचही लावायचा. तेही भोक ६ मिलिमीटरपर्यंत असेल आणि रस्त्याला टेकणाऱ्या भागात असेल तरच. खांद्यावर किंवा बाजूच्या भिंतीत भोक असेल तर टायर बदलायचा, त्यावर तडजोड नाही. त्या भिंती किती वाकतात ते वर आलंच आहे. आतून बघण्याचा आणखी एक फायदा असा की हवा गेलेला टायर तसाच पळवला गेला असेल तर आत काळी रबरी भुकटी सापडते. बाहेरून असा टायर धडधाकट दिसतो. माझा आतून स्वच्छ निघाला आणि छत्रीच्या आकाराचा पॅच बसवून परत आला. डब्यावर ‘कायमची दुरुस्ती’ असं छापलंय, ते मात्र खोडून काढायला हवं.

आता बाटली. आतला द्रव बहुधा लॅटेक्सचा असतो. व्हॉल्व्हमधून आत सोडायचा, हवा भरायची आणि लगेच गाडी हळू चालवायची, म्हणजे तो पसरून भोकावर साचतो. बारीक भोकाला चालतं, भिंतीच्या चिरेला नाही. एकदाच वापरता येते, तिला मुदत असते, आणि नंतर टायर दुरुस्त करणाऱ्याला आतला चिकटा खरवडत बसावं लागतं. काही ठिकाणी असा टायर दुरुस्तीला घेतच नाहीत. आत सेन्सर असेल तर त्याचं तोंड बुजण्याचीही भीती. हातात टोच्या, पट्टी आणि पंप असताना मी तिला हात लावणार नाही. पण न्यायाने बोलायचं तर एक प्रसंग असा आहे जिथे ती पास होते. भोक बारीक आहे, पण रात्र आहे, पाऊस आहे, आणि वाहनांच्या बाजूचं चाक बसलंय. तिथे गुडघे टेकून टोच्या चालवण्यापेक्षा बाटली ओतून जवळच्या सुरक्षित जागेपर्यंत हळूहळू जाणं शहाणपणाचं. फेरपरीक्षेत पास, म्हणा.

डब्यात जे द्यायला हवं होतं आणि नाही ते मी स्वतः घातलंय: जाड हातमोजे, डोक्याला लावायची बॅटरी, परावर्तक त्रिकोण, आणि खाचांची खोली मोजायची छोटी पट्टी. खाचांच्या तळाशी जे बारीक उंचवटे असतात ते १.६ मिलिमीटरचे. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की त्या टायरचं पंक्चर काढण्यात अर्थ नाही. टायरचं वयही बघा. बाजूला डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, २३२२ म्हणजे २०२२ सालचा २३ वा आठवडा. सोल्यूशनची ट्यूब एकदा उघडली की वाळते, एक जादा ठेवावी.

आणि ज्यांच्याकडे बारीक स्टेपनी आहे त्यांच्यासाठी. तिच्यात हवा बहुधा ६० पीएसआय लागते, म्हणजे जवळजवळ ४.१ बार. तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा छापलेली असते, ती सगळ्यांच्या लक्षात राहते. दाब कोणी बघत नाही. मैत्रिणीच्या गाडीची स्टेपनी या पंपाने ६० पर्यंत नेली. जमलं, पण मध्ये एकदा पंप थंड होऊ द्यावा लागला. तेव्हा विकत घेताना डब्यावरची कमाल दाबाची ओळ वाचा, आणि ६० ही ज्याची शेवटची हद्द असेल तो पंप सोडून द्या.