कंबरदुखीसाठी फिजिओ: मशीन, हात की व्यायाम?

दहा सिटिंगचं पॅकेज घ्यायचं का, हा प्रश्न पुण्यातल्या माणसाला साधारण दुखण्याच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पडतो. तोवर बाम, शेक, हाडांच्या डॉक्टरांच्या गोळ्या आणि एक एमआरआय होऊन गेलेला असतो. बारा आठवड्यांवर टिकलेल्या कंबरदुखीला जुनाट म्हणतात, आणि तिच्यातल्या बहुतेकांच्या बाबतीत एका विशिष्ट चकतीवर किंवा मणक्यावर बोट ठेवता येत नाही. रिपोर्टमध्ये 'गॅप' आहे, चकती फुगलीय, म्हणून घाबरून निर्णय घेऊ नका. काहीही दुखत नसलेल्या लोकांच्या स्कॅनचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या.

मात्र लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, बसायच्या जागी बधिरपणा येणं किंवा पाऊल लुळं पडणं यांपैकी काहीही झालं, तर फिजिओकडे नाही, त्याच दिवशी हॉस्पिटलात जायचं. संध्याकाळचा ताप आणि घटणारं वजन असेल तर मणक्याचा टीबी आधी तपासून घ्यावा. पूर्वी कॅन्सर झालेला असेल किंवा हाडं ठिसूळ असताना पडल्यावर दुखणं सुरू झालं असेल, तरीही आधी डॉक्टर.

मशीन

आयएफटीत (इंटरफेरेन्शियल थेरपी, म्हणजे विजेच्या सौम्य प्रवाहांचा उपचार) कमरेवर चार पॅड फुलीसारखे लावतात. साधारण ४००० हर्ट्झचे दोन प्रवाह आत एकमेकांना छेदतात आणि १५-२० मिनिटं झिणझिण्या येतात. टेन्स हा त्याच घरातला, घरी नेता येणारा छोटा डबा. दोन्हींनी त्या वेळी बरं वाटतं, हे खोटं नाही. पण तो आराम बहुधा काही तासांपुरता असतो, आणि घरी जाताना वाटेत स्पीडब्रेकर असतातच. अल्ट्रासाउंड म्हणजे ध्वनिलहरींचं मशीन; त्याचं डोकं जेल लावून फिरवत राहावं लागतं, एका जागी धरलं तर चटका बसतो. शिवाय नेहमीच्या एक मेगाहर्ट्झच्या लहरी काही सेंटिमीटरच आत शिरतात. चकती त्याहून खोल असते, त्यामुळे 'मशीनने चकती बरी होते' हे वाक्य ऐकलं की सावध व्हा.

ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस संस्थेने २०१६ मध्ये टेन्स, आयएफटी, अल्ट्रासाउंड, ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं) आणि कमरेचा पट्टा हे सगळंच कंबरदुखीसाठी देऊ नका असं सांगितलं. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही जुनाट कंबरदुखीसाठी टेन्स, अल्ट्रासाउंड, ट्रॅक्शन आणि पट्टा नेहमीचे उपचार म्हणून वापरू नयेत, असं म्हटलं. तरीही आपल्याकडे पॅकेजचा मोठा भाग हाच असतो, कारण एकदा पॅड लावले की थेरपिस्ट पुढच्या पेशंटकडे जाऊ शकतो.

त्वचा बधिर असलेल्या मधुमेहींना शेक आणि पॅड दोन्ही जपून. पेसमेकर, शरीरात बसवलेला धातू किंवा गरोदरपण असेल तर शॉर्टवेव्ह डायथर्मी (रेडिओलहरींनी दिलेला खोल शेक) नको. निव्वळ ऊबच हवी असेल तर टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी घरी तेच काम करते.

ट्रॅक्शनमध्ये वजनाच्या साधारण पाव ते निम्मा जोर लावतात, म्हणजे ७० किलोच्या माणसाला १८ ते ३५ किलो. चकती आत ओढली जाते आणि तिथेच राहते, असं काही होत नाही. उभं राहिलं की भार पुन्हा येतो. सोडल्यावर झटकन उठल्याने कंबर धरण्याचा प्रकारही घडतो. घेतलंच, तर नंतर पाच मिनिटं पडून राहा आणि कुशीवर वळून उठा.

हाताने केलेले उपचार

मसाज, मोबिलायझेशन (सांधा हळूहळू हलवणं) आणि 'कट्' आवाज करणारं मॅनिप्युलेशन (सांध्याला हाताने दिलेला झटका) यांचं पारडं मशीनपेक्षा जड आहे. जागतिक आरोग्य संघटना मसाज आणि मॅनिप्युलेशन पर्याय म्हणून मान्य करते. नाइसची अट अशी की सोबत व्यायाम हवाच. तो आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार झाल्याचा असतो. 'सरकलेला मणका बसला' असं नसतं, कारण मणका तसा सरकलेलाच नसतो. हाडं ठिसूळ असणाऱ्यांनी, बराच काळ स्टिरॉइड घेणाऱ्यांनी आणि पायातली ताकद कमी झालेल्यांनी मॅनिप्युलेशन टाळावं. हाताच्या उपचारांचा खरा उपयोग म्हणजे तीन-चार सिटिंगमध्ये कंबर इतकी मोकळी करून घेणं की व्यायाम सुरू करता येईल. विसाव्या सिटिंगलाही फक्त मसाजच चालू असेल तर गाडी अडलीय.

व्यायाम

इथे निवड खरी आहे, म्हणून जरा सविस्तर.

दुखणं मांडीत-पोटरीत उतरत असेल तर मॅकेन्झी पद्धत आधी करून पाहा. रॉबिन मॅकेन्झी हे न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट. पालथं दोन मिनिटं पडायचं, मग कोपरांवर दोन मिनिटं, मग हात सरळ करत छाती वर; ओटीपोट सतरंजीलाच. असं दहा वेळा, दिवसातून पाच-सहा वेळा. पायातली कळ वर सरकून कमरेत गोळा झाली तर दिशा बरोबर, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. कळ खाली उतरली तर थांबा. नेहमीची चूक म्हणजे नितंब आवळून धरणं. साठीपुढच्या ज्यांचे पाय चालताना जड होतात आणि पुढे वाकलं की बरं वाटतं, त्यांना हा व्यायाम बहुधा उलटा पडतो. त्यांच्यासाठी पाठीवर झोपून गुडघे छातीशी घेणं बरं.

पाय ठीक, पण बसून-उठून कंबर भरत असेल, म्हणजे हिंजवडीतली बरीचशी मंडळी, तर कॅनडातले स्टुअर्ट मॅकगिल यांचे तीन व्यायाम: कर्ल-अप (पाठीवर झोपून डोकं-खांदे किंचित उचलणं), साइड प्लँक (कुशीवर, कोपराच्या आधारे अंग उचलून धरणं) आणि बर्ड-डॉग (हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन एका बाजूचा हात आणि दुसऱ्या बाजूचा पाय सरळ करणं). प्रत्येकी १० सेकंद धरायचं. आधी सहा वेळा, मग चार, मग दोन. श्वास रोखायचा नाही. बर्ड-डॉगमध्ये कमरेवर पाण्याची वाटी ठेवली आहे आणि ती सांडता कामा नये, असं समजा. हे गादीवर करू नका, जमिनीवर करा.

पण तिथेच थांबणं ही मोठी चूक. कंबरेला भार उचलायला पुन्हा शिकवावं लागतं. पाच किलोचा कणकेचा डबा स्टुलावर ठेवून, नितंब मागे नेत उचला. ८-१० वेळा, दोन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. सोपं वाटू लागलं की आधी स्टूल काढा, मग वजन वाढवा. 'आयुष्यात वाकू नका' या सल्ल्याने माणूस वाकायला घाबरतो, आणि न वापरलेली कंबर आणखी लवकर थकते.

चालणं फुकट आहे म्हणून त्याला कोणी उपचार मानत नाही. ऑस्ट्रेलियातल्या ७०१ जणांच्या २०२४ च्या चाचणीत, नुकत्याच बऱ्या झालेल्यांनी हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच वेळा ३० मिनिटं चालण्याचं ध्येय ठेवलं. त्यांचं दुखणं परत यायला मध्यकानुसार २०८ दिवस लागले, असा कार्यक्रम न दिलेल्या गटात ११२. सुरुवात सोसायटीतल्या सपाट रस्त्यावर १० मिनिटांनी करा. पर्वतीच्या पायऱ्या नंतर.

योगही चालतो. मॉडेल कॉलनीत १९७५ पासून अय्यंगार योग संस्था आहे. ठोकळे, पट्टे, दोर वापरून आसन शरीराला जुळवून घ्यायची ही पद्धत कंबरेला मानवते. फसतं ते सरसकट बॅचमध्ये: पहिल्याच आठवड्यात हलासन, किंवा रथसप्तमीला एकदम १०८ सूर्यनमस्कार.

व्यायामाच्या या प्रकारांमधला फरक थोडा आहे. सहाव्या आठवड्यात तुम्ही जो करत असाल, तो तुमच्यासाठी चांगला.

पैसे भरण्यापूर्वी

एका सिटिंगमधली किती मिनिटं मी स्वतः हलणार, हे विचारा. निम्म्याहून कमी असतील तर दुसरीकडे पाहा. व्यायाम कोण तपासणार, थेरपिस्ट की मदतनीस? चार आठवड्यांनी काय मोजणार? 'किती दुखतंय' एवढंच पुरत नाही. सलग किती वेळ बसता येतं, किती चालता येतं, हेही लिहून ठेवायला सांगा. रोज दहा दिवस चांदणी चौक ओलांडून मशीनला जाण्यापेक्षा दर आठवड्याला एक अशी सहा सिटिंग घेऊन मधे घरी व्यायाम करणं कंबरेला आणि खिशाला दोन्हीला परवडतं. दुखण्यामुळे हलताच येत नसेल, तर पहिले दोन आठवडे हाताचे उपचार आणि शेक घ्या, पण व्यायामाची तारीख पहिल्याच दिवशी ठरवा.

व्यायामानंतर दुखणं वाढून २४ तासांत पूर्वीइतकं झालं तर तेवढाच व्यायाम चालू ठेवा. त्याहून जास्त टिकलं तर संख्या निम्मी करा, बंद करू नका.