खोडदची रेडिओ दुर्बीण: विज्ञान दिनाला मुलांना घेऊन नक्की जा

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी (जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप) आहे ना, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी मोठमोठ्या डिशांनी पकडणारी दुर्बीण, ती 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त सगळ्यांसाठी खुली असते, आसपासच्या शाळांतल्या मुलांनी केलेले प्रयोगही तिथे मांडलेले असतात. आम्ही घरचे सगळे जाऊन आलो आणि खरंच सांगते, शास्त्रज्ञांनी आपलं काम लोकांना कसं सांगावं हे बघायचं असेल तर इथे जा.

आम्हाला माहिती द्यायला एक संशोधक ताई होत्या. डिशखाली उभं राहिल्यावर एका आजोबांनी विचारलं, "ताई, ही तर नुसती जाळी आहे, भोकांतून सिग्नल निसटून जात नाही का?" मला वाटलं आता फॉर्म्युले सुरू होणार, पण नाही, ताईंनी जाळीचा तुकडाच आजोबांच्या हातात दिला. म्हणाल्या, मधल्या भागात भोकं 10 मिलिमीटरची, कडेला 20 ची, आणि आपण पकडतो त्या लहरी 21 सेंटिमीटरपासून दोन मीटरच्याही पुढे, म्हणजे एवढ्या लांब लहरीला हे भोक जाणवतच नाही, तिच्यासाठी हा अखंड आरसाच. वारा मात्र आरपार जातो, त्यामुळे 45 मीटर व्यासाची डिश असूनही ती हलकी ठेवता आली आणि खर्चही आटोक्यात राहिला. हे डोकं रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप सरांचं आणि त्यांच्या टीमचं, तेही ताईंनी आवर्जून सांगितलं. आजोबांनी मग तोच तुकडा माझ्या मुलाला दाखवून सगळं परत समजावलं, एकही चूक नाही!

मोबाईल बंद ठेवायला सांगतात, त्याचंही कारण नीट सांगतात, नुसती पाटी नाही. आकाशातून येणारे सिग्नल इतके क्षीण असतात की मोबाईल, गाडीचा स्पार्क प्लग, कशाचाही गोंगाट त्यात मिसळतो. एकूण 30 डिश, 14 मधे जवळजवळ आणि 16 वाय आकारात लांब लांब पसरलेल्या, पार 25 किलोमीटरपर्यंत, गावांच्या आणि शेतांच्या मधे. म्हणजे शेजारच्या माणसाला हे काम समजणं दुर्बिणीच्याही फायद्याचं आहे, आणि इथल्या लोकांच्या बोलण्यात ते जाणवतं.

पोरं सगळ्यात जास्त रमली मंगळाच्या गोष्टीत. 2016 मध्ये युरोपचं शियापारेली यान मंगळावर उतरत होतं तेव्हा त्याचा सिग्नल खोडदला ऐकला जात होता आणि उतरायच्या जरा आधी तो बंद पडला, यान आदळलं. अपयशाची गोष्ट लपवली नाही हे मला फार आवडलं, मुलांचे प्रश्न तिथेच सुरू झाले.

याआधी एका दुसऱ्या संस्थेच्या कार्यक्रमाला गेलो होतो, तिथे तासभर इंग्रजी स्लाइड आणि ग्राफ, मुलगा झोपला. माणसं तिथलीही हुशारच होती, पण समोर कोण बसलंय ते कोणी बघितलंच नाही. खोडदला मराठीत बोलले, आधी वस्तू दाखवली, मग तिचं नाव सांगितलं, आणि प्रश्नांना भरपूर वेळ दिला.

पुण्याहून साधारण 80 किलोमीटर आहे, सकाळी लवकर निघा, ऊन कडक असतं तेव्हा टोपी आणि पाणी घ्या. शाळेतल्या शिक्षकांनी तर आठवी-नववीची मुलं न्यावीतच, आणि जाण्याआधी प्रत्येकाला एक तरी प्रश्न वहीत लिहून आणायला सांगा.