कणकवलीतला लेखन-संशोधनाचा वर्ग: वर्षभर जाऊन आल्यावर

गेल्या जुलैपासून मार्चपर्यंत महिन्यातल्या एका रविवारी मी आमच्या देवगडच्या किनाऱ्यावरून कणकवलीला जात होते. तिथे प्राथमिक शिक्षकांसाठी एक वर्ग भरतो. आपल्या वर्गातली मुलं कशी लिहितात ते आपणच तपासायचं, नोंदी ठेवायच्या, आणि त्यावरून आपलं शिकवणं बदलून बघायचं, असा तो वर्ग आहे. नऊ बैठका, फी अठराशे रुपये, डबा आपापला. काही निवृत्त आणि काही नोकरीतले शिक्षक मिळून तो चालवतात. पुढे काही तक्रारी लिहिल्या आहेत म्हणून चालवणाऱ्यांची नावं लिहीत नाही. "जावं का गं?" असं तिघी-चौघींनी विचारलं, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

माझी शाळा जिल्हा परिषदेची, दोन शिक्षकी, पट तेवीस. तिसरी-चौथी माझ्याकडे, मिळून अकरा मुलं. नोकरीची सतरा वर्षं झाली. मुलांना वाचायला शिकवणं मला जमतं असं मी मनापासून म्हणू शकते. लिहिण्याचं मात्र तसं नव्हतं. आपल्याकडे मूल घरी जाऊन सांगतं, "बाईंनी शुद्धलेखन दिलंय", म्हणजे धड्यातला उतारा बघून उतरवायचा. निबंध म्हणजे फळ्यावर बाईंनी लिहिलेल्या दहा ओळी. प्रश्नोत्तरं म्हणजे धड्यातलं वाक्य शोधून तसंच लिहायचं. पोराच्या मनातलं वाक्य कागदावर येईल अशी जागा आठवड्याच्या वेळापत्रकात कुठे आहे, असं पहिल्याच बैठकीत विचारलं गेलं आणि मला एकही तासिका दाखवता आली नाही. २०२३-२४ ला पाठ्यपुस्तकांतच कोरी पानं घातली होती, पुढे २०२५ ला तो निर्णय मागे घेतला गेला. ती पानं हाताशी होती तोवर माझ्या वर्गात त्यांवरही फळ्यावरचंच उतरवलं जात होतं. पानं देऊन लिहिणं येत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

कृतिसंशोधन, म्हणजे शिक्षकाने आपल्याच वर्गातल्या अडचणीवर केलेलं संशोधन, हा शब्द आपल्याला डी.एड.पासून माहीत असतो. तेव्हा मी ते आदल्या वर्षीच्या अहवालावरून केलं होतं, मुखपृष्ठ तेवढं नवं. त्यामुळे कणकवलीला जातानाही मनात धाकधूक होती की पुन्हा गृहीतक, न्यादर्श, परिशिष्ट हेच चालणार. पहिल्या बैठकीत तसलं काही झालं नाही. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये कृतिसंशोधनाची कल्पना मांडली, १९५३ मध्ये स्टीफन कोरी यांनी ती शाळांसाठी लिहून काढली, एवढं अर्ध्या तासात सांगितलं आणि मग मुलांच्या लिहिण्याचा अभ्यास करणाऱ्या डोनाल्ड ग्रेव्ह्ज यांच्याबद्दल बोलले. १९७८ ते १९८० या काळात अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात अ‍ॅटकिन्सन नावाच्या गावच्या शाळेत ते आणि त्यांचे सहकारी, मुलं लिहीत असताना त्यांच्या बाजूला बसायचे. मूल कुठे थांबतं, काय खोडतं, लिहिण्याआधी काय पुटपुटतं, चित्र आधी काढतं की नंतर, हे टिपून घ्यायचे. लिहून झालेली वही तपासणं आणि लिहिताना शेजारी बसणं यांत किती अंतर आहे! सतरा वर्षांत मी हजारो वह्या तपासल्या असतील, पण लिहिणाऱ्या मुलाशेजारी पाच मिनिटं गप्प बसल्याचं आठवेना.

त्यानंतर जे करायला लावलं त्यासाठीच मी हा वर्ग कुणालाही सुचवेन. आम्हां बावीस शिक्षकांना कोरा कागद दिला आणि सांगितलं, पंधरा मिनिटं लिहा, विषय तुमचा. कॅलिफोर्नियात बर्कलीला १९७४ मध्ये जेम्स ग्रे यांनी शिक्षकांचा लेखन-प्रकल्प सुरू केला, त्याचं मूळ सूत्र हेच होतं: लिहायला शिकवणाऱ्याने स्वतः लिहायचं, आणि शिक्षकांना शिक्षकांनीच शिकवायचं. मी लिहायला घेतलं आणि पहिली ओळ आली, "निसर्गाच्या कुशीत वसलेले माझे गाव". दुसरी ओळ, "गावाला अथांग समुद्रकिनारा लाभला आहे". पेन तिथेच थांबलं. ज्या गावात मी रोज सकाळी वाळूवर सुकत घातलेल्या जाळ्यांवरून पाय उचलून शाळेत जाते, जिथे मे महिन्यात आंब्याच्या पेट्यांचे खिळे ठोकल्याचा आवाज रात्री अकरापर्यंत येतो, त्या गावाबद्दल माझ्याकडे हीच दोन वाक्यं होती. माझ्या पोरांच्या निबंधात "गाय हा पाळीव प्राणी आहे" कुठून येतं, ते मला त्या बाकावर समजलं. त्या दिवशी परतीच्या एस.टी.त नांदगाव तिठ्यापर्यंत मी कुणाशी बोलले नाही.

पहिल्या महिन्याचं काम साधं होतं: काहीही बदलायचं नाही, फक्त बघायचं. "माझी आई" या विषयावर अकराही मुलांकडून, फळ्यावर काहीच न लिहिता, लिहून घेतलं. मग दोन रंगीत पेन्सिली. पाठ असलेलं किंवा कुठूनही येऊ शकेल असं वाक्य पिवळं, त्या मुलालाच लिहिता येईल असं वाक्य हिरवं. एकूण वाक्यं ९६ भरली, हिरवी ९. मी दोनदा मोजली. "माझी आई मला खूप आवडते" हे अकरापैकी दहा वह्यांत होतं.

तिसरीतल्या एका मुलीची वही मी बैठकीला घेऊन गेले होते. तिच्या चार ओळींत हिरवं काहीच नव्हतं. तिथे वाचनाची एक ठरलेली पद्धत आहे: दहा मिनिटं सगळ्यांनी तो कागद बघायचा आणि जे दिसतं तेवढंच बोलायचं. "हुशार दिसते", "कच्ची आहे" असलं काही म्हणायचं नाही. सावंतवाडीकडच्या एका गुरुजींनी दाखवलं की "आवडते" लिहिताना तिने तीनदा खोडलंय, कागद तिथे पातळ झालाय. वेंगुर्ल्याच्या बाई म्हणाल्या, चौथ्या ओळीत 'आवस' लिहून त्यावर 'आई' गिरवलंय. मी उजेडात धरून पाहिलं. खरंच खाली 'आवस' होतं.

घरात, वाटेवर, किनाऱ्यावर ती दिवसभर मालवणीत बोलते. कागदावर यायचं तर तिला आधी तो शब्द पुसावा लागत होता. वाक्य मनात तयार व्हायच्या आधीच तिची शक्ती खोडण्यात जात होती, आणि उरलेली माझ्या लाल पेनाच्या धाकात.

कणकवलीच्या वर्गाचा एक नियम आहे, एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. मी दिवाळीनंतर हे बदललं: लिहिण्याआधी दहा मिनिटं जोडीने बोलायचं, घरच्या भाषेत, आणि जे बोललो ते तसंच कच्च्या वहीत उतरवायचं. त्या वहीला लाल पेन लावायचं नाही. सहा आठवडे, मंगळवार आणि शुक्रवार. तिसऱ्या आठवड्यात त्याच मुलीने लिहिलं:

"बापूस काळोखात उठता. आवस चाय देता. काल रापणीक बांगडे कमी गावले. बापूस घराक येवन गप रवलो. मी पण गप रवलंय."

(रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं.) हे मी बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा माझाच आवाज जड झाला. पाच वाक्यं, पाचही हिरवी. नंतर आम्ही दोघींनी ती शेजारी शेजारी बसून पक्क्या वहीत प्रमाण भाषेत नेली. 'गप रवलंय'चं काय करायचं यावर ती अडली. मी 'शांत राहिले' सुचवलं. तिने मान हलवली आणि 'गप्प बसले' लिहिलं. तेच बरोबर होतं.

सहा आठवड्यांनी पुन्हा मोजलं. तीच मुलं, विषय "काल संध्याकाळी": वाक्यं ८१, हिरवी ४४. वाक्यं कमी झाली हे आवर्जून सांगते, कारण पाठ केलेलं गळलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका कमी झाल्या नाहीत, वाढल्याही नाहीत. त्यासाठी मी शनिवारी पंधरा मिनिटं वेगळी ठेवली, एका वेळी एकच नियम. दोन मुलांच्या लिहिण्यात मला काहीही फरक दिसला नाही. विषयही दोन्ही वेळा एक नव्हता, ती चूक माझी. अकरा मुलांवरून मी कुणाला काही सिद्ध करून दाखवत नाही, पण माझ्या वर्गापुरतं मला आता माहीत आहे.

आता तक्रारी.

पहिली, आणि मला सगळ्यांत जास्त लागलेली. आमच्याकडे आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबं असतात. त्यातल्या एकाचा मुलगा दिवाळीनंतर माझ्या तिसरीत आला. त्याची भाषा नेपाळी, थोडी हिंदी, मालवणी कानावर पडलेली. "जोडीने घरच्या भाषेत बोला" म्हटल्यावर तो कुणाशी बोलणार? मी सलग दोन बैठकांत हे मांडलं आणि दोन्ही वेळा "पुढच्या वेळी बघू" एवढंच उत्तर मिळालं. शेवटी मीच त्याला बागेचं चित्र काढायला दिलं, त्याने बोट ठेवून जे सांगितलं ते मी त्याच्यासमोर मराठीत लिहिलं, मग त्याने त्याखाली आपल्या हाताने. मार्चमध्ये त्याने स्वतःहून लिहिलेलं वाक्य: "रात को वानर नाही येत, दिवसा येते." रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत बागांच्या, वीटभट्ट्यांच्या, बंदरांच्या शाळांत अशी मुलं आहेत. कोकणात वर्ग चालवणाऱ्यांनी याची तयारी ठेवायलाच हवी.

दुसरी, एका वर्गखोलीत दोन-दोन इयत्ता सांभाळणाऱ्यांसाठी मार्गदर्शन तोकडं आहे. सगळी उदाहरणं पस्तीस मुलांच्या एकाच इयत्तेची. कोकणातल्या कितीतरी शाळांचा पट वीसच्या आत आहे, हे चालवणाऱ्यांना ठाऊक नाही असं कसं म्हणू?

तिसरी, शेवटच्या दोन बैठका अहवालाच्या साच्यात गेल्या. मध्यमान, प्रमाणविचलन, नियंत्रित गट. अकरा मुलांतून नियंत्रित गट, म्हणजे तुलनेसाठी काहीच न बदललेली वेगळी मुलं, कुठून काढू? सात महिने जे इतकं जिवंत होतं ते तिथे सुकलं. मी अहवाल माझ्या पद्धतीने दिला, मुलांच्या कागदांच्या झेरॉक्सा लावून. तो स्वीकारला, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. दिलेल्या छापील नोंदवहीत मात्र निरीक्षणासाठी चार ओळींची जागा आहे, आणि मुलाशेजारी पाच मिनिटं बसलं तर पान पुरत नाही. दोनशे पानी साधी वही घेऊन जा.

पावसाळ्यातल्या बैठकाही जड जातात. ऑगस्टमध्ये आमची गाडी रद्द झाली आणि मी दुपारी बाराला पोचले. घरी अडीच वर्षांचं मूल असणाऱ्या मैत्रिणीने याच कारणाने मध्येच सोडलं. एक-दोन बैठका देवगड, मालवणकडे फिरत्या घेतल्या तर किनाऱ्यावरच्या बायका टिकतील.

आणि एक गोष्ट वर्गात कुणी सांगत नाही, ती मी सांगते. लाल खुणा नसलेली वही घरी गेली की पालक विचारतात. माझ्याकडे एक आजोबा आले, "बाई, तुमी आता वही तपासनत नाय काय?" म्हणून. मी त्यांना कच्ची आणि पक्की अशा दोन्ही वह्या समोर ठेवून नातवाचं रापणीवरचं पान वाचून दाखवलं. ते स्वतः रापणीचे. "ह्या तेनाच लिवल्यान?" असं विचारून त्यांनी ती वही दोन दिवस घरी नेली. तेव्हापासून मी जूनमध्येच पालकांना बोलावून दोन वह्यांचं सांगायचं ठरवलंय.

पुढची तुकडी जुलैत आहे. नाव नोंदवायचं असेल तर नोंदवा. जाताना आपल्या वर्गातल्या एका मुलाचा, फळ्यावरून न उतरवलेला, खाडाखोडीसकट एक कागद सोबत न्या. तो नसेल तर पहिल्या बैठकीला बसून उपयोग नाही.