रक्तातील एन्झाइमवरून मानसिक आजाराचे ‘निदान’: आमची झालेली फसवणूक

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. त्याच्या आजाराची ‘रक्तातून खात्री’ करून देतो, असे सांगून एका खासगी तपासणी केंद्राने आमच्याकडून बरेच पैसे उकळले. अहवालांतील आकडे बहुधा खरेच होते. खोटा होता तो त्यांना चिकटवलेला अर्थ, आणि म्हणूनच ही लबाडी चटकन लक्षात येत नाही.

पहिल्या अहवालात प्लेटलेटमधील मोनोअमाइन ऑक्सिडेज या एन्झाइमची क्रियाशीलता कमी दाखवली होती. दीर्घकालीन स्किझोफ्रेनियात ती कमी आढळते, असे संशोधन १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले होते, आणि केंद्रातील बाई तेवढेच ठासून सांगत होत्या. ही क्रियाशीलता धूम्रपानाने आणि काही मनोविकारविरोधी औषधांनीही घटते, हे पुढे स्पष्ट झाले, त्याचा मात्र उल्लेख नव्हता. भाऊ रोज सिगारेट ओढतो, औषधेही घेतो; केंद्राच्या अर्जात या दोन्हींसाठी साधा रकानाही नव्हता.

खरी कमाई दुसऱ्या चाचणीवर होती. भाऊ अतिशय प्रक्षुब्ध झाल्याने त्याला धरून ठेवून स्नायूत इंजेक्शन द्यावे लागले होते, आणि त्यानंतर लगेचच केंद्राने रक्तातील क्रिएटिन कायनेज हे दुसरे एन्झाइम मोजले. ते वाढलेले निघाले, तेव्हा ‘मेंदूतील बिघाड तीव्र आहे’ असे सांगून महागड्या पूरक गोळ्या गळ्यात मारल्या. काही दिवसांनी आकडा उतरला आणि श्रेय गोळ्यांना गेले. वास्तविक हे एन्झाइम मुख्यतः स्नायूंतून रक्तात येते. झटापट किंवा इंजेक्शन झाल्यावर ते वाढते आणि काही दिवसांत आपोआप उतरते. तीव्र मनोविकृतीतही ते वाढलेले आढळते, पण त्यावरून निदान होत नाही. (मनोविकारविरोधी औषधे सुरू असताना ताप आणि स्नायूंचा ताठरपणा असेल, तर मात्र हीच चाचणी तातडीची ठरते, केंद्राला त्याचे सोयरसुतक नव्हते.)

याच उतरत्या आकड्याच्या भरवशावर नेहमीची औषधे बंद करण्याचा सल्ला मिळाला, आणि भावाला पुन्हा भास होऊ लागले. आमच्या मनोविकारतज्ज्ञांनी दोन्ही अहवाल बाजूला ठेवून मूळ औषधे सुरू केली. स्किझोफ्रेनियाचे निदान लक्षणे, त्यांचा कालावधी आणि रुग्णाशी बोलून केलेली तपासणी यांवरच होते, रक्ततपासणी इतर आजार वगळण्यासाठी असते, असे त्यांनी सांगितले.

पैसे परत मागितल्यावर केंद्राने अहवालाच्या मागील बाजूची बारीक अक्षरांतली ओळ दाखवली: ‘केवळ संशोधनासाठी, निदानासाठी नव्हे.’ पैसे देण्यापूर्वी कोऱ्या अहवालाचा नमुना मागा आणि त्याची मागची बाजू वाचा.